तणावजन्य डोकेदुखी : स्वरूप, कारणे व उपचार



डोके दुखत नाही असा मनुष्य विरळाच. घरातील गृहिणी असो, यंत्रमागावर उभा असलेला कारागीर असो, केळीच्या बागेत राबणारा शेतकरी असो वा परीक्षेच्या चिंतेत असलेला विद्यार्थी असो, डोकेदुखीने प्रत्येकास केव्हा ना केव्हा गाठलेले असते. आजार सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळेच त्याकडे गांभीर्याने पाहिले जात नाही. कोपऱ्यावरील दुकानातून गोळी आणावी, चहाबरोबर घ्यावी आणि कामाला लागावे, अशी आपली रीत पडली आहे. ही रीत अनेकांना नकळत कशी अपाय करते आणि या दुखण्यावर योग्य उपाय कोणते, हे समजून घेण्यासाठी हा लेख सादर करीत आहोत.

डोकेदुखी एक नव्हे, अनेक

वैद्यकशास्त्रात डोकेदुखीचे दोन मोठे वर्ग मानले जातात. ज्या डोकेदुखीमागे दुसरा कोणताही रोग नसतो, दुखणे हाच स्वतंत्र विकार असतो, तिला प्राथमिक डोकेदुखी म्हणतात. ज्या डोकेदुखीमागे ताप, डोक्यास मार, मेंदूचा वा डोळ्याचा विकार असे दुसरे कारण असते, ती दुय्यम होय. तणावजन्य डोकेदुखी आणि अर्धशिशी या दोन्ही प्राथमिक वर्गात मोडतात.

यांपैकी तणावजन्य डोकेदुखी ही जगात सर्वाधिक आढळते. कर्नाटकात बंगळूर व आसपासच्या भागांत २,३२९ प्रौढ व्यक्तींची घरोघरी पाहणी करण्यात आली होती. वर्षभरात सुमारे ३५ टक्के लोकांना तणावजन्य डोकेदुखी व सुमारे २५ टक्के लोकांना अर्धशिशीचा त्रास झाल्याचे तीत दिसून आले. म्हणजे दहा माणसांच्या कुटुंबात तीन-चार जणांना हा त्रास असू शकतो.

नावाविषयी एक गैरसमज

आपल्या भाषेत ‘ताण’ हा शब्द मनाच्या ताणासाठीही येतो व दोरीच्या वा स्नायूच्या ताणासाठीही. त्यामुळे ‘तणावजन्य’ म्हटले की ऐकणाऱ्यास वाटते, हा मनाचा खेळ आहे. चिंता सोडली की दुखणे गेले. रुग्णास घरच्यांकडून ‘तू फार विचार करतोस’ असा उपदेश मिळतो व त्याचे दुखणे मात्र तसेच राहते.

पूर्वी वैद्यकातही असाच गोंधळ होता. कोणी या विकारास स्नायूंच्या आकुंचनाची डोकेदुखी म्हणत, तर कोणी मानसिक डोकेदुखी. १९८८ साली आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने सर्व प्रकारांचे वर्गीकरण केले, तेव्हा ‘तणावाच्या प्रकारची डोकेदुखी’ असे सावध नाव योजिले. ताण हेच एकमेव कारण आहे, असा दावा त्यात नाही. या वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. दुखणे खरे असते, ते शरीरात घडते आणि मनाची अवस्था त्यास वाढवू वा कमी करू शकते, हे प्रथम मान्य करावे.

ओळखावी कशी ?

या डोकेदुखीची लक्षणे पुढीलप्रमाणे असतात.

१) दुखणे बहुधा दोन्ही बाजूंस असते. कपाळ, दोन्ही शंखप्रदेश, टाळू वा मानेचा मागील भाग जड होतो.
२) ठणका नसतो. डोक्याला घट्ट फेटा बांधावा किंवा दोन्ही बाजूंनी दाबून धरावे, तशी आवळल्यासारखी वेदना असते.
३) तीव्रता सौम्य ते मध्यम असते. काम कष्टाने होते, पण होते.
४) चालणे, जिने चढणे अशा नित्याच्या हालचालींनी दुखणे वाढत नाही.
५) उलटी होत नाही. प्रकाश किंवा आवाज यांपैकी एखादा नकोसा वाटू शकतो, दोन्ही नव्हे.
६) एक वेळचे दुखणे अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकू शकते.

अर्धशिशीचे चित्र याहून वेगळे. तीत बहुधा एक बाजू ठणकते, मळमळते, आणि रुग्णास अंधाऱ्या, शांत खोलीत पडून राहावेसे वाटते. देवळातील अनुभवावरून हा भेद सहज ध्यानी येईल. अर्धशिशीचा झटका आलेल्या व्यक्तीस आरतीचा घंटानाद, समयांचा प्रकाश व धूपाचा वास असह्य होतो. पायऱ्या चढताच ठणका वाढतो. तणावजन्य डोकेदुखी असलेली व्यक्ती कपाळ चोळीत का होईना, आरतीस उभी राहू शकते. एकाच व्यक्तीस दोन्ही प्रकारही असू शकतात, म्हणून शंका असल्यास निदान वैद्यांवर सोपवावे.

हे दुखणे महिन्यातून एखाद्या दिवसापेक्षाही कमी असेल तर चिंतेचे कारण नाही. महिन्यातून एक ते चौदा दिवस असल्यास ते वारंवार होणारे समजतात. महिन्यातील पंधरा वा अधिक दिवस, सलग तीन महिन्यांहून जास्त काळ डोके दुखत असेल तर ते जुनाट समजावे. अशा वेळी केवळ गोळीवर न राहता वैद्यकीय सल्ला घेणे अत्यावश्यक आहे.

दुखते कशामुळे ?

कपाळ, जबडा, शंखप्रदेश, मान व खांदे यांतील स्नायू परस्परांशी निगडित आहेत. बराच काळ मान एकाच स्थितीत राहिली, दात आवळले गेले, झोप अपुरी झाली की या स्नायूंतील वेदनाग्राहक तंतू चेतविले जातात. बोटांनी दाबून पाहिल्यास हे भाग दुखरे लागतात. अधूनमधून होणाऱ्या डोकेदुखीचे मूळ बहुतांशी येथे असते.

जुनाट डोकेदुखीत आणखी एक गोष्ट घडते. स्नायूंकडून वेदनेचे संदेश सतत येत राहिल्याने मज्जारज्जू व मेंदूतील वेदनेची यंत्रणाच अतिसंवेदनशील बनते. देवळातील घंटा जोराने वाजविली तरच वाजावी. परंतु वाऱ्याच्या झुळुकेनेही ती वाजू लागली, तर दोष वाऱ्याचा नसून टांगणीचा असतो. तसेच येथे होते. मग थोडे जागरण, थोडी भूक, थोडी काळजी एवढ्यानेही डोके दुखू लागते. म्हणून जुनाट डोकेदुखीचा उपचार वेदना दडपण्याचा नव्हे, तर ही संवेदनशीलता हळूहळू उतरविण्याचा असतो.

आपल्या परिसरातील कारणे

तापीतीरावरील बऱ्हाणपूर हे वस्त्रोद्योगाचे जुने नगर. यंत्रमागाच्या खोलीत अखंड खडखडाट असतो, धागा तुटला का यावर डोळा खिळलेला असतो, मान पुढे झुकलेली असते आणि पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची असते. गोंगाट, एकटक नजर, झुकलेली मान व मोडलेली झोप ही चारही कारणे एका ठिकाणी एकवटतात.

ग्रामीण भागात केळीच्या बागांना पाणी देण्यासाठी वीज येईल त्या वेळी, अनेकदा रात्री, उठावे लागते. घड वाहून नेताना मान व खांद्यांवर भार येतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा पाणी कमी पडल्यानेही डोके दुखते. गृहिणी सर्वांचे आटोपून दुपारी उशिरा जेवतात, तोवर केवळ चहावर असतात. तरुण मंडळी तासन्‌तास भ्रमणध्वनीवर मान वाकवून बसतात. वयस्कर मंडळींत जुना झालेला चष्मा हेही एक कारण आढळते.

उपवासाचा उल्लेख येथे अवश्य करावयास हवा. एकादशी, चतुर्थी वा नवरात्रात ज्यांचे डोके दुखते त्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात : पाणी पुरेसे प्यायले का, रोजचा चहा अचानक बंद केला का, आणि झोप पुरी झाली का. रोज चार-पाच कप चहा घेणाऱ्याने तो एकदम सोडल्यास एक-दोन दिवस डोके दुखणे स्वाभाविक आहे. व्रताच्या आधी आठवडाभर चहा थोडा थोडा कमी करीत न्यावा. निर्जळी उपवास मधुमेही, गर्भवती व मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी वैद्यकीय सल्ल्याविना करू नये.

‘रक्तदाब वाढला म्हणून डोके दुखते’ ही समजूतही सर्वत्र आहे. साधारण वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेच लक्षण दाखवीत नाही. तो फार चढल्यासच डोके दुखू शकते. म्हणून डोके दुखत नाही याचा अर्थ रक्तदाब ठीक आहे असा धरू नये. तो मोजूनच पाहावा.

गोळी केव्हा व किती ?

अधूनमधून होणाऱ्या डोकेदुखीस साधी वेदनाशामक गोळी घेण्यास हरकत नाही. प्रौढ व्यक्तीस पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम किंवा आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम यांचा गुण येतो. गोळी दुखणे वाढण्यापूर्वी व पुरेशा पाण्याबरोबर घ्यावी. मात्र पुढील पथ्ये पाळावीत.

* आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा अधिक वेळा गोळी घेण्याची पाळी येऊ देऊ नये.
* निरोगी प्रौढाने दिवसभरात ४ ग्रॅमपेक्षा अधिक पॅरासिटामॉल घेऊ नये. यकृताचा विकार असणाऱ्यांनी, मद्यपान करणाऱ्यांनी व अशक्त व्यक्तींनी मर्यादा वैद्यांकडून ठरवून घ्यावी. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही हेच औषध असते, हे विसरू नये.
* पोटात व्रण, दमा, मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी आयब्युप्रोफेनसारखी औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.
* पावसाळ्यात तापासह डोके दुखत असेल तर डेंग्यूची शक्यता असते. अशा वेळी आयब्युप्रोफेन व अ‍ॅस्पिरिन टाळावे; त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.
* सोळा वर्षांखालील मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

कपाळास बाम, पुदिन्याचे तेल वा सुंठेचा लेप लावल्यास अनेकांना आराम पडतो. त्वचेची आग होत नसेल तर त्यात अपाय नाही. डोळ्यांत जाऊ देऊ नये व तान्ह्या मुलांस लावू नये.

गोळीनेच जडणारी डोकेदुखी

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. समजा, एका कारागिरास दुपारनंतर डोके दुखते. तो एक गोळी घेतो, बरे वाटते. काही महिन्यांनी गोळी रोजची होते. वर्षभराने सकाळी उठतानाच डोके जड असते, म्हणून सकाळी एक आणि सायंकाळी एक. त्यास वाटते की आजार बळावला. प्रत्यक्षात आता गोळीच डोके दुखवीत असते.

साधी वेदनाशामके महिन्यातील पंधरा वा अधिक दिवस, किंवा अनेक औषधे एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या दहा वा अधिक दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास औषधातिरेकाची डोकेदुखी जडू शकते. सुट्या विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्या मिश्र असतात व त्यांत कॅफीनही असते. त्यामुळे त्यांची सवय लवकर लागते. डोकेदुखीपुरते हे थांबत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्याने पोटातून रक्तस्राव होऊ शकतो व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मधुमेह व रक्तदाब असलेल्यांत हा धोका अधिक. दोन रुपयांच्या गोळीचे मोल पुढे डायलिसिसने चुकवावे लागणे, यासारखी दुःखाची गोष्ट नाही.

उपाय एकच : ती गोळी थांबविणे. थांबविल्यावर पहिले दोन ते दहा दिवस दुखणे वाढते, मळमळते, चिडचिड होते, झोप लागत नाही. याच काळात घरच्यांनी धीर द्यावा. पुढील काही आठवड्यांत, साधारण दोन महिन्यांपर्यंत, बहुतेकांचे दुखण्याचे दिवस कमी होतात. साध्या गोळ्या एकदम बंद करता येतात. परंतु झोपेच्या वा अफूवर्गीय गोळ्यांची सवय असल्यास त्या वैद्यांच्या देखरेखीखाली हळूहळू सोडाव्यात.

गोळीविना करावयाचे उपाय

१) दिनदर्शिकेवरील नोंद – भिंतीवरील दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब मांडतो त्याचप्रमाणे डोके दुखलेल्या दिवसापुढे खूण करावी. गोळी घेतली असल्यास दुसरी खूण. झोप, जेवणाची वेळ व मासिक पाळी यांचीही नोंद ठेवावी. दोन महिन्यांत कारण आपोआप डोळ्यांसमोर येते व वैद्यांनाही निदान सोपे जाते.

२) नियमितता – झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी. जेवण चुकवू नये. पाणी वेळोवेळी प्यावे.

३) बैठक – पोथीवाचन करताना पोथी मांडीवर न ठेवता ठवणीवर वा लहान चौरंगावर ठेवावी, म्हणजे मान झुकत नाही. पारायणास बसणाऱ्यांनी प्रत्येक अध्यायानंतर मिनिटभर उठावे. भ्रमणध्वनी डोळ्यांच्या उंचीवर धरावा. मागावर काम करणाऱ्यांनी कानांत संरक्षक बोळे घालावेत व तासाभराने नजर दूरवर न्यावी.

४) मान व खांद्यांचा व्यायाम – खांदे कानांकडे उचलून पाच अंक मोजावेत व सोडावेत. हनुवटी सरळ मागे ओढून पाच अंक धरावी. मान सावकाश उजवीकडे व डावीकडे वळवावी. प्रत्येक क्रिया दहा वेळा, दिवसातून दोनदा. मानेस झटके देऊ नयेत. केशकर्तनालयात मान ‘मोडून’ घेणे तर सर्वथा टाळावे, त्याने मानेतील रक्तवाहिन्यांस इजा झाल्याची उदाहरणे आहेत.

५) शिथिलीकरण – अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली एक पद्धती ग्रंथरूपाने मांडली. उताणे निजावे. प्रथम पाय, मग मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा व कपाळ असे क्रमाने एकेक अवयव पाच सेकंद आवळावा व नंतर वीस सेकंद पूर्ण सैल सोडावा. आवळलेला व सैल यांतील फरक मनाने टिपावा. आपल्याकडील शवासनाशी याचे साम्य चटकन लक्षात येईल. रोज पंधरा मिनिटे असा अभ्यास केल्यास काही आठवड्यांत गुण दिसतो.

६) चालणे – आठवड्यातून किमान पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. सकाळचा फेरफटका यास उत्तम.

मन सतत उदास राहत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर तेही लपवू नये. जुनाट डोकेदुखी व खिन्नता यांची सांगड वारंवार आढळते व दोन्हींवर उपचार करावे लागतात. शासनाच्या टेलि-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

वैद्यांकडून मिळणारे प्रतिबंधक औषध

जुनाट डोकेदुखीत अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे औषध अल्प मात्रेत रात्री दिले जाते. १९६४ साली लान्स व करन या ऑस्ट्रेलियातील वैद्यांनी त्याची उपयुक्तता प्रथम दाखविली. हे औषध मूळचे नैराश्यावरील असल्याने ‘मला वेड्याचे औषध दिले’ असे म्हणून काहीजण ते फेकून देतात. येथे त्याचा उपयोग वेदनेच्या यंत्रणेची संवेदनशीलता उतरविण्यासाठी असतो, मात्राही लहान असते. गुण येण्यास काही आठवडे लागतात. तोंड कोरडे पडणे व झोप येणे हे सामान्य परिणाम होत. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ वा हृदयविकार असल्यास ते वैद्यांना आधीच सांगावे.

आयुर्वेदाची दृष्टी

चरकसंहितेत शिरोरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत, तर सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा. डोकेदुखी एक नसून तिचे प्रकार पाहूनच उपचार करावा, हा विचार आपल्या परंपरेत किती जुना आहे हे यावरून दिसते. बऱ्हाणपूरचे भाग्य असे की, पंडित शिवनाथ शास्त्री शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आपल्याच नगरात आहे. शिरोधारा, नस्य, अभ्यंग असे उपचार घ्यावयाचे असल्यास ते प्रशिक्षित वैद्यांकडूनच घ्यावेत. घटक न छापलेली पुडी वा गोळी घेऊ नये; अशा औषधांत शिसे, पारा किंवा छुपी वेदनाशामके आढळल्याची उदाहरणे आहेत.

ही लक्षणे असल्यास विलंब नको

बहुतेक डोकेदुखीस मेंदूच्या तपासणीची गरज नसते. वैद्यांनी तपासून शंकास्पद काही नाही असे सांगितल्यावर केवळ मनाच्या समाधानासाठी इंदूर वा जळगावला जाऊन महागडे स्कॅन करण्याचे कारण नाही. परंतु पुढीलपैकी काहीही आढळल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

* आयुष्यात कधी झाली नाही अशी, क्षणार्धात शिगेला पोचणारी वेदना
* तापासह मान ताठणे, अंगावर पुरळ, ग्लानी वा भ्रम
* हात-पाय लुळा पडणे, वाणी अडखळणे, तोंड वाकडे होणे, आकडी येणे
* अचानक दृष्टी मंदावणे, वा डोळा लाल होऊन दुखणे
* डोक्यास मार लागल्यानंतर सुरू झालेले दुखणे
* पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली वा आठवड्यागणिक वाढणारी डोकेदुखी
* खोकताना, वाकताना वाढणारी वा पहाटे उलटीसह जागे करणारी वेदना
* गर्भारपणात वा प्रसूतीनंतर नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी
* बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर घरातील अनेकांचे एकदम डोके दुखणे – हा विषारी वायूचा परिणाम असतो. प्रथम सर्वांना उघड्या हवेत आणावे

रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक सर्वांनी पाठ ठेवावा. अशा प्रसंगी अंगारा लावावयाचा असेल तर वाटेत लावावा. रुग्णालयात पोचण्यास मात्र विलंब करू नये.

समारोप

सारांश, तणावजन्य डोकेदुखी जीवघेणी नाही, पण तिच्यावर रोज घेतलेली गोळी जीवावर बेतू शकते. म्हणून आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एक गोष्ट करावी. आई-वडिलांच्या उशाशी, सुनेच्या डब्यात, मुलाच्या खिशात डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी आहे का ते पाहावे व महिन्याकाठी किती गोळ्या लागतात हे प्रेमाने विचारावे. संख्या आठ-दहाच्या पुढे असेल तर रागावू नये. सोबत घेऊन वैद्यांकडे जावे.

प्रस्तुत लेख सर्वसामान्य माहितीसाठी असून वैद्यकीय सल्ल्यास पर्याय नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे.

सर्वांना निरामय आरोग्य लाभो, हीच सदिच्छा.